नाव तेच, माल दुसरा

प्यो साहेबांनी स्वतःच्या हातानं कॉफी आणली, तेव्हाच ओक-रानला कळलं की काम सरळ नाही.

पुडी फोडून गरम पाण्यात ढवळलेली दूध-साखरेची कॉफी कंपनीत सगळेच पीत. पण विभागप्रमुखानं दोन कागदी पेले सांभाळत, सपाता फटफट वाजवत तिच्या टेबलापर्यंत यावं, असं अठरा वर्षांत कधी घडलं नव्हतं. त्यांनी एक पेला तिच्यापुढे ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढली.

"ताई, एक बारीकसं काम होतं."

एरवी ते तिला ‘हाम बाई’ म्हणत. आज ‘ताई’ होती.

"बोला ना."

"चार-दोन-एकच्या जागी योमनं दुरुस्त केलेली फाइल ठेवायचीय. पाच मिनिटांचं काम."

"ठेवते की. चार-दोन-दोन नाव देते आणि ठेवते."

"नाही, नाव तेच राहू द्या. चार-दोन-एकच."

ओक-राननं चष्मा कपाळावर सरकवला. "मग जुनीचं काय करायचं?"

"काढून टाकायची. बिघडलेली वस्तू कशाला सांभाळायची? तुम्हीच म्हणता ना, भांडार स्वच्छ पाहिजे."

"स्वच्छ म्हणते साहेब. पुरावा पुसा असं नाही म्हणत."

प्यो साहेब हसले, पण कॉफीचा घोट घ्यायचा राहिला.

वॉन्जूच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी रुग्णालयांसाठी पंप बनवायची. पलंगाशेजारच्या खांबाला अडकवायचा, वहीएवढा पंप. शिरेतून औषध थेंब-थेंब, ठरवलेल्या मापानं सोडणारा. पंपाचं डोकं म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर. ते तयार झालं की त्याला आकडा मिळे आणि ते कंपनीच्या सामायिक भांडारात जमा होई. तिथूनच कारखाना ते उचलून पंपात भरी. बाहेरच्या जगातून आणलेले तयार तुकडेही आधी याच भांडारात येत, मग प्रोग्रामर ते वापरत. ओक-रान या भांडाराची राखणदार. एकदा आकडा देऊन ठेवलेली फाइल कुणालाही बदलता येत नसे. कुलूपच तसं होतं, आणि त्याची एकुलती एक किल्ली, अंगठ्याएवढी काळी कांडी, ओक-रानच्या गळ्यातल्या दोरीला असे.

एप्रिलमध्ये गांगनुंगच्या एका रुग्णालयात हृदयविकाराच्या एका म्हाताऱ्याला छातीचा फोटो काढायला नेताना पंपाचं बटण बंद करून वायर काढली. परत आणून वायर लावून पंप सुरू केला, तर तो आधी किती औषध दिलं ते विसरला आणि पहिल्यापासून मोजायला लागला. म्हातारा दोन दिवस अतिदक्षता विभागात होता. वाचला. त्या पाळीच्या बांग नावाच्या नर्सनं लेखी कळवलं की पंपाचा आकडा शून्यावर गेला होता. कंपनीनं उलट लिहिलं, पंपात दोष नाही, माप चुकीचं लावलं असणार. झालं, रुग्णालयानं बांगचीच चौकशी सुरू केली. तिनं मात्र लावून धरलं. शेवटी रुग्णालयानं कळवलं, आमची माणसं शुक्रवारी येतात, हेच चार-दोन-एक आमच्यासमोर चालवून दाखवा.

मधल्या दहा दिवसांत योम ते-होनं शोधून काढलं होतं की नर्स खरं बोलत होती. बाहेरून आणलेल्या एका तयार तुकड्यात चूक होती. त्यानं ती दुरुस्तही केली होती.

"म्हणजे शुक्रवारी त्या लोकांना दुरुस्त केलेली फाइल दाखवायची," ओक-रान म्हणाली, "आणि म्हणायचं, हीच ती."

"मी असं कुठं म्हटलं?"

"मग मी म्हटलं समजा. नाव तेच आणि माल दुसरा, हे माझ्याकडनं व्हायचं नाही. कॉफी घेऊन जा साहेब, गार होतेय."

ओक-रान काही प्रोग्रामर नव्हती. तिनं नोकरीची पहिली आठ वर्षं बॉयलरच्या कारखान्यात सुट्या भागांच्या कोठारात काढली होती. खिळे, वॉशर, रबरी कडी. कप्प्यावर आकडा, कप्प्यात माल. ती सव्वीस वर्षांची असताना सतरा नंबरची कडी दुसऱ्या पुरवठादाराकडून स्वस्तात आली. मालकानं सांगितलं, नंबर तोच आहे, ओत जुन्याच कप्प्यात. तिनं ओतली. कडी बोटात धरताक्षणी तिला कळलं होतं की रबर मऊ आहे. तीन आठवड्यांनी चाचणीच्या टेबलावर वाफ सुटली आणि जोंग-ने नावाच्या बाईचा अर्धा चेहरा भाजला. कामगाराचा निष्काळजीपणा, असा शेरा पडला. चौकशीवाल्यानं ओक-रानला विचारलं, माल तोच होता ना? नंबर तोच होता, ती म्हणाली. एवढंच म्हणाली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. जोंग-नेच्या सपाता कारखान्याच्या दारातल्या फळीवर हिवाळ्यापर्यंत तशाच पडून होत्या. कुणी उचलल्या नाहीत, कुणी घातल्याही नाहीत.

पुढे ती या कंपनीत लागली, तीही कोठारातच. तेव्हा प्रोग्रामर लोकांच्या फाइली म्हणजे वाऱ्यावरची वरात होती. एकाची ‘फायनल’, दुसऱ्याची ‘फायनल नवी’, तिसऱ्याची ‘खरी फायनल’. कुठली फाइल कुठल्या पंपात गेली, देव जाणे. एकदा वैतागलेला कुणी म्हणाला, यापेक्षा कोठारातल्या हाम बाई बऱ्या, निदान त्यांना स्क्रू तरी सापडतो. थट्टेतच तिला बोलावलं आणि तिनं ते काम मनावर घेतलं. सहा महिने संध्याकाळच्या वर्गाला गेली. एक आकडा, एक वस्तू. दिलेला आकडा परत घ्यायचा नाही, बदलायचा नाही. शिवाय प्रत्येक फाइलचा ठसा. माणसाच्या बोटाचा असतो तसा प्रत्येक फाइलचा असतो, अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. फाइलीत एक टिंब बदललं तरी सगळी ओळ बदलते. ओक-रान प्रत्येक आकड्याची पहिली आठ अक्षरं वहीतही लिहून ठेवी. पोरं हसत. "ताई, यंत्रात आहे ना ते." ती म्हणे, "यंत्र मालकाचं आहे. वही माझी आहे."

प्रोग्रामरांचा तिच्याशी रोजचा झगडा असे तो घरच्या कप्प्यावरून. प्रत्येकाच्या मशीनमध्ये एक आपला कप्पा असतो. भांडारातून एखादी फाइल नेली की तिची प्रत त्या कप्प्यात राहते. पुढच्या वेळी त्याच नावाची फाइल मागितली की मशीन भांडारापर्यंत यायचे कष्ट घेत नाही, घरातलीच काढून देतं.

"ताई, भांडारातली फाइल खराब आहे, माझं काम अडलंय."

"घरचा कप्पा रिकामा केलास?"

"नाही."

"मग फ्रिजमधली मागच्या वर्षीची किमची खायची आणि आईच्या नावानं बोटं मोडायची, असं झालं तुझं. आधी कप्पा रिकामा कर, मग माझ्याशी बोल."

हे ऐकून घेणाऱ्यांत योमचा नंबर पहिला. चाळिशीचा, पोट सुटलेला, हुशार, पण कप्पा रिकामा करायला हमखास विसरणारा माणूस.

त्या दिवशी दुपारी जेवणघरात तो ताट घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. सोयाबीनच्या आमटीत चमचा फिरवत राहिला.

"ताई, करून टाका ना."

"जेव आधी."

"फाइल चांगलीच होणारेय. सगळ्या पंपांत हळूहळू चांगली जाईल. वाईट काय त्यात? कुणाचं नुकसान नाही."

"गांगनुंगची नर्स?"

योमनं आमटीतला चमचा बाजूला ठेवला.

"तिचं नाव काय, माहितीय का तुला?"

"बांग."

"शुक्रवारी ती येणारेय. तिच्यासमोर तू पंप लावणार. वायर काढणार, परत लावणार, आकडा हलणार नाही. तू तिला काय सांगशील? बाई, तुम्हाला भास झाला?"

"मी काही बोलणार नाही. प्यो साहेब बोलतील."

"हं. न बोलणाऱ्यांपायीच तर अडतंय सगळं."

"माझ्या दोन पोरी आहेत, ताई. घराचे हप्ते आहेत. तुमचं काय, नवऱ्याच्या पीचच्या बागेत जाऊन बसाल." बोलल्यावर त्याचं त्यालाच लागलं. "तसं नव्हतं म्हणायचं."

"म्हणालास ते म्हणालास. मुळा खा, चांगला झालाय आज."

बुधवारी प्यो साहेबांनी तिला वरच्या मजल्यावर बोलावलं. या वेळी कॉफी नव्हती. मनुष्यबळ खात्यातली एक मुलगी कागद घेऊन कोपऱ्यात बसली होती.

"हाम बाई, गेल्या वर्षभरात तुम्ही एकही रजा घेतली नाही. उद्या आणि परवा घ्या."

"मला नकोय रजा."

"विनंती नाही करत मी. आणि किल्ली योमकडे द्या. एकाच माणसाच्या हातात सगळं असणं बरोबर नाही, असं वरच्यांचं मत पडलं."

"वरच्यांचं मत मला लेखी द्या. किल्ली काढून घेतली, रजेवर पाठवलं. तारखेसकट."

"तुमच्या करारावर दर डिसेंबरात मी सही करतो, हे लक्षात आहे ना?"

"आहे. म्हणून तर म्हणते, लेखी द्या. तुमची सही ओळखते मी."

कोपऱ्यातली मुलगी टाइप करता करता थांबली. प्यो साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातानंच ‘लिही’ म्हणून खूण केली. कागद आला. ओक-राननं तो दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गळ्यातली दोरी काढून टेबलावर ठेवली. मान इतकी हलकी लागली की तिला तिचाच राग आला.

गुरुवारी ती नवऱ्याबरोबर बागेत गेली. जूनचा पहिला आठवडा, लिंबाएवढ्या हिरव्या पीचना कागदी पिशव्या बांधायचे दिवस. नवरा ग्वोन लष्करात ट्रक चालवायचा. निवृत्त झाल्यापासून त्याची वीस-बावीस झाडं आणि तो. दोघं दोन शिड्यांवर उभी राहून पिशव्या बांधत होती.

"अगं, ते फळ गुदमरेल. किती आवळशील?"

"बांधते की नीट."

"मानगूट धरल्यासारखी बांधतेस. त्या प्योची आहे का ती?"

तिला हसू आलं नाही. मग दोन झाडं झाल्यावर ती म्हणाली, "अहो, उद्या मी जाणारेय."

"रजा आहे ना?"

"आहे. तरी जाणारेय."

ग्वोननं तोंडात धरलेली तार काढली. "काढतील तुला."

"काढतील."

"तुला जोंग-ने आठवतेय."

ती पिशवी बांधत राहिली.

"लष्करात एक होतं," तो म्हणाला. "हुकूम मोडायचा असेल तर गणवेश कडक इस्त्रीचा घालावा. गबाळ्या माणसाला लगेच हाकलतात." थोड्या वेळानं म्हणाला, "तुझा निळा कोट कुठंय? मी करतो इस्त्री. तुला जमत नाही बाह्यांची."

शुक्रवारी दहा वाजता बैठकीची खोली भरली होती. रुग्णालयाकडून डॉक्टर मिन नावाचे पिकल्या केसांचे उपअधीक्षक, त्यांचा एक सहायक आणि बांग नर्स. तिशीची असेल. घरच्या कपड्यांत आली होती आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. शाळेत शिक्षा म्हणून बसवून ठेवलेल्या मुलीसारखी. टेबलावर दोन पंप होते. एक गांगनुंगहून आलेला, त्या म्हाताऱ्याच्या पलंगाचा. दुसरा कंपनीचा, तयार करून ठेवलेला. भिंतीशी योम लॅपटॉप घेऊन.

ओक-रान दार ढकलून आत आली, तेव्हा प्यो साहेब बोलत होते. "आज सकाळीच कारखान्यानं भांडारातून चार-दोन-एक काढून या पंपात भरलं आहे. आता आपण—" त्यांनी तिला पाहिलं. "हाम बाई, तुम्ही रजेवर आहात."

"हो साहेब. रजेवरच आलेय." ती पाहुण्यांसमोर कमरेत लवली. "मी हाम ओक-रान. भांडार सांभाळते. परवापर्यंत सांभाळत होते."

"बाई बाहेर थांबतील," प्यो साहेब म्हणाले.

"थांबते. फक्त एक नियम आहे तो सांगून. तक्रारीच्या चाचणीत सॉफ्टवेअर पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत भरायचं, आणि त्याचा ठसा तक्रारीच्या पंपातल्या ठशाशी ताडून बघायचा. आधी भरून ठेवलेला पंप चालत नाही. कंपनीचाच नियम आहे. खाली प्यो साहेबांची सही आहे."

डॉक्टर मिननी मान वर केली. "ठसा म्हणजे?"

"फाइलीची ओळख, डॉक्टर. नावं सारखी असू शकतात, ठसे नाही. दोन्हींचे सारखे असले तर माल तोच. नसले तर नाव तेच, माल दुसरा."

प्यो साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "वेळ जाईल उगाच," ते म्हणाले.

"आम्ही दीड तास गाडी चालवत आलोय," डॉक्टर मिन म्हणाले. "आणखी दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या. भरा समोर."

सगळ्यांनी योमकडे पाहिलं. त्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवला. ओक-रानला माहीत होतं, किल्ली दोन दिवस त्याच्याकडे होती. भांडारात आता दुरुस्त केलेली फाइल बसली असणार. ठसे जुळणार नाहीत, आणि मग जे व्हायचं ते होईल. तिनं वही उघडून हातात धरली. चार-दोन-एकच्या ओळीवर अंगठा ठेवला.

योमनं चार-दोन-एक मागवलं. कपाटातून काढलेल्या तिसऱ्या, कोऱ्या पंपात भरलं. पडद्यावर आठ अक्षरं आली.

"वाच," ओक-रान म्हणाली.

योमनं खाली मान घालून वाचलं. "नऊ, सी, चार, चार, ई, शून्य, सात, बी."

तिनं वहीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. नऊ, सी, चार, चार, ई, शून्य, सात, बी. मग गांगनुंगच्या पंपाचा पडदा वाचला. तेच.

जुनीच फाइल होती ही. भांडारातली नव्हे, योमच्या घरच्या कप्प्यातली. नाव तेच म्हणून लॅपटॉपनं भांडाराकडे विचारणाच केली नव्हती, घरातली शिळी प्रत काढून दिली होती.

"जुळतंय," ती म्हणाली. "हेच ते चार-दोन-एक. बांग बाई, तुम्ही करता का? तुम्हाला माहितीय, त्या दिवशी कसं झालं ते."

बांगनं पिशवी खाली ठेवली. उठली. पंप कोपऱ्यातल्या खांबाला अडकवला, पाण्याची पिशवी जोडली, माप लावलं, सुरू केला. हात सराईत होते. चाळीस मिलिलिटर गेल्यावर तिनं बटण बंद करून वायर काढली. त्या सकाळी आजोबांना फोटोसाठी नेलं होतं तसा पंप खांबासकट दारापर्यंत नेला आणि परत आणला. वायर लावली. बटण दाबलं.

पडद्यावर चाळीस नव्हतं. शून्य होतं. पंप निमूट पहिल्यापासून मोजायला लागला.

बांगनं पंप बंद केला आणि नळीतला थेंब जमिनीवर पडू नये म्हणून आपला रुमाल खाली धरला.

"आता तो तयार ठेवलेला," डॉक्टर मिन म्हणाले. "त्याचाही ठसा वाचा."

त्याची पहिली दोन अक्षरं वाचल्यावर योम थांबला. पुढं वाचायची गरजच नव्हती.

पाहुणे गेल्यावर बाहेरच्या बोळात, पाण्याच्या यंत्रापाशी ती योमला गाठून म्हणाली, "घरचा कप्पा रिकामा केला नव्हतास."

"विसरलो, ताई."

"किती वेळा सांगितलं होतं?"

"शंभर वेळा."

तो सपातांच्या टोकांकडे बघत होता. ओक-राननं त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, पण त्यावरून काही कळेना. पुढेही कधी कळलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

महिन्याभरात कंपनीनं दोष मान्य केला. सरकारी खात्याला कळवलं, रुग्णालयांना पत्रं गेली, एकशे सदतीस पंप परत मागवले. बांगची चौकशी बंद झाली, असं तिनं स्वतः फोन करून सांगितलं. आभार मानताना मध्येच रडायला लागली, मग दोघींनीही पावसाबद्दल बोलून फोन ठेवला. प्यो साहेबांना सोलच्या कार्यालयात पाठवलं. बदली होती की बढती, कुणालाच नीट सांगता येईना. भांडारात जुनी फाइल पुन्हा आपल्या नावावर ठेवली गेली, शेजारी तिचा दोष लिहून. आणि दुरुस्त केलेली चार-दोन-दोन म्हणून, नव्या नावानं. किल्ली मात्र ओक-रानला परत मिळाली नाही. रजेवर असताना हुकूम मोडून आल्याबद्दल तिला ताकीद मिळाली आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बदली. काम काय, तर परत येणारे पंप खोक्यातून काढायचे, आकडा बघायचा, यादीवर खूण करायची. शेडमध्ये एक टेबल, एक पंखा. खिडकी नव्हती. माणसानं आपणहून राजीनामा द्यावा म्हणून अशा जागा ठेवलेल्या असतात, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं.

मनुष्यबळ खात्यातली तीच मुलगी एकदा बघायला आली. "कसं वाटतंय इथं?" तिनं चाचरत विचारलं.

"माझा जन्म गेला कोठारात, बाळ. उलट इथं माल हाताला लागतो." तिनं एक खोकं उघडून दाखवलं. "राजीनाम्याचा कागद आणला असशील तर परत ने. वहीला जागा पुरत नाही टेबलावर."

ऑगस्ट संपता संपता एकशे छत्तीस पंप आले. एक येईना. तो गांगनुंगहून कधीतरी उसना म्हणून जोंगसनच्या पलीकडे, डोंगरातल्या एका छोट्या वृद्धरुग्णालयात गेला होता. कंपनीच्या यादीत त्या जागेचं नावच नव्हतं. ओक-राननं आठवडाभर फोन करून माग काढला. तिथल्या नर्सनं सांगितलं, आमच्याकडे हा एकच आहे, आजींना रोज लागतो. बदली पंप द्या, मग न्या.

"तोवर वायर काढू नका," ओक-राननं तिला सांगितलं. "पलंग हलवायचा झाला तरी काढू नका. लिहून ठेवा भिंतीवर."

कंपनीची गाडी पंधरा दिवसांनी त्या बाजूला जाणार होती. ओक-राननं उरलेल्या रजेतला एक दिवस मागितला, चार-दोन-दोन भरलेला नवा पंप सही करून घेतला, आणि सकाळच्या बसनं निघाली. पंप मांडीवर, वरून निळा कोट. घाटातल्या वळणांवर ती त्याला दोन्ही हातांनी धरून बसली.

रुग्णालय म्हणजे दोन मजली इमारत, मागे मक्याचं शेत. खालच्याच खोलीत भिंतीवर जाड अक्षरात कागद चिकटवला होता: वायर काढू नये. पलंगावर एक सुरकुतलेली आजी पडली होती, शेजारच्या खांबावर तो शेवटचा पंप. औषध चालू होतं.

"आत्ता बदलता येणार नाही," नर्स म्हणाली. "अर्धं झालंय. पूर्ण व्हायला अजून दीड तास."

"मग दीड तास थांबते."

आजीनं डोळे उघडले. "कोण गं तू? माझ्या सुनेची बहीण का?"

"नाही आजी. वॉन्जूहून आले. भांडारात काम करते."

"कसलं भांडार?"

ओक-राननं सांगायला तोंड उघडलं आणि मग पंपाकडे बोट केलं. "अशा पंपांचं."

"अस्सं." आजीला ते पटलेलं दिसलं. "मग बस. घाईत नाहीस ना?"

"नाही."

खोलीतून माणसांची ये-जा चालू होती. सफाईवाली बाई बादली घेऊन आली, कुणी चाकाची खुर्ची ढकलत गेलं. पंपाची वायर पलंगाखालून भिंतीतल्या प्लगच्या खोबणीपर्यंत गेली होती, जाण्यायेण्याच्या वाटेवरच. ओक-राननं कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि खोबणीपुढे, वायरीला कुणाचा पाय लागणार नाही असं ठेवलं. नर्सनं दिलेलं उकडलेलं कणीस हातात घेऊन ती तिथं भिंतीला पाठ लावून बसली, आणि पडद्यावरचा आकडा एकेकानं वाढताना बघत राहिली.